यादीतला वाडा आणि नोटिशीतला वाडा

पावसाळा तोंडावर आला की पुण्याच्या जुन्या पेठांमध्ये महापालिकेच्या बांधकाम विभागाची माणसे फिरू लागतात. धोकादायक वाड्यांची पाहणी होते, दारावर नोटीस डकवली जाते, वास्तू तातडीने रिकामी करण्याची सूचना दिली जाते आणि काही अघटित घडल्यास जबाबदारी मालक व भोगवटादार यांची राहील, असे शेवटी नमूद केले जाते. यातील काही वाड्यांच्या नावाने त्याच महापालिकेत आणखी एक कागद असतो. तो वारसा वास्तूंच्या यादीचा. ही वास्तू शहराच्या इतिहासाचा मोलाचा ठेवा असल्याने पूर्वपरवानगीशिवाय तिच्यात बदल करू नये, असे तो सांगतो. एक विभाग म्हणतो पाडा, दुसरा म्हणतो हात लावू नका. दुरुस्तीसाठी लागणारा पैसा मात्र दोन्ही कागदांसोबत येत नाही.

ऐतिहासिक घरांच्या जतनासाठी स्थानिक स्वराज्य संस्था नेमके काय करतात, या प्रश्नाचे उत्तर या विसंगतीत दडलेले आहे. महाराष्ट्रातील शहरांनी याद्या केल्या, श्रेणी ठरवल्या, समित्या नेमल्या. घर राखणाऱ्याच्या पाठीशी उभे राहण्याची यंत्रणा मात्र उभी राहिली नाही.

महापालिकेने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बांधलेला विश्रामबागवाडा आज उभा आहे तो पालिकेमुळेच. काही दशके तेथे नगरपालिकेचे आणि नंतर महापालिकेचे कार्यालय होते. पुढे टप्प्याटप्प्याने त्याच्या सागवानी कोरीव दर्शनी भागाचे आणि दिवाणखान्यांचे जतनकाम झाले. शनिवारवाड्याजवळच्या नानावाड्याचेही तसेच. नाना फडणवीसांच्या या वाड्याचे सुरूचे खांब आणि भित्तिचित्रे वाचवण्यासाठी महापालिकेने वारसा विभाग, वास्तुविशारद आणि चुनाकाम जाणणारे कारागीर कामाला लावले. शहाबादी फरशी आणि सिमेंटचा गिलावा म्हणजेच दुरुस्ती, असे मानणाऱ्या व्यवस्थेने चुन्याची घाणी पुन्हा सुरू करावी, ही लहान गोष्ट नाही.

परंतु या दोन्ही वास्तूंमध्ये एक साम्य आहे. त्या महापालिकेच्या मालकीच्या आहेत. पुण्याच्या वारसा यादीत सुमारे अडीचशे वास्तू आहेत. मंदिरे, पूल, शाळा, सरकारी कार्यालये वगळली तर उरतात ती माणसे राहत असलेली किंवा नुकतीच सोडून गेलेली खासगी घरे. या घरांच्या बाबतीत महापालिकेची भूमिका हितचिंतकाची असते, हात सैल सोडणाऱ्याची नसते.

थोर व्यक्तीचे घर असेल तर गोष्ट वेगळी. तेथे निधी मिळतो, कारण तेथे स्मारक होऊ शकते. लंडनमधील किंग हेन्रीज रोडवरचे, डॉ. बाबासाहेब आंबेडकर विद्यार्थिदशेत राहिलेले घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतले. निवासी घराचे संग्रहालय केल्याबद्दल तेथील कॅम्डेन परिषदेने हरकत घेतली आणि प्रकरण मिटायला मार्च २०२० उजाडले. इतक्या दूरचे घर जपण्याची तळमळ रास्तच होती. मात्र स्मारक करणे आणि घर जपणे या दोन गोष्टी नेहमी एकच नसतात, हे पुण्यातच दिसले. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू केली तो बुधवार पेठेतील भिडेवाडा अनेक वर्षे न्यायालयीन वादात पडून राहिला. सर्वोच्च न्यायालयात वादाचा निकाल लागल्यावर महापालिकेने डिसेंबर २०२३ मध्ये ताबा घेतला आणि राष्ट्रीय स्मारक उभारण्यासाठी ती जीर्ण वास्तू पाडण्यात आली. तोपर्यंत ती वाचवण्याजोगी उरली नव्हती, असे सांगण्यात आले. ते खरे मानले, तरी ती त्या अवस्थेला पोहोचेपर्यंतची वर्षे कुणाच्या खात्यावर मांडायची, हा प्रश्न उरतोच.

चौकाचे अर्थकारण

वाडा पडतो तो बहुधा एका रात्रीच्या पावसाने. पण त्याचे पडणे सुरू झालेले असते कित्येक वर्षे आधी. पेशवाई आणि उत्तर पेशवाईतील वाड्याचा सांगाडा लाकडी असतो. दगडी जोत्यावर खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट आणि मधल्या भिंती मातीत रचलेल्या विटांच्या. अशा घराचा शत्रू एकच, पाणी. एक कौल सरकले, एक पन्हळ तुंबली, की ओल तुळईच्या भिंतीत गेलेल्या टोकाशी साठते. टोक कुजते, वाळवी लागते आणि कालांतराने वरचा मजला खाली बसू लागतो. त्यावर कुणी सिमेंटचा गिलावा चढवला, तर भिंतीतील ओलीला बाहेर पडायला वाटच राहत नाही. म्हणजे दरवर्षी मे महिन्यात कौले शाकारणे, पन्हळी साफ करणे, एखादा वासा बदलणे एवढ्या किरकोळ खर्चाने जे टळले असते, ते वीस वर्षांनी लाखांच्या घरात जाते.

हा किरकोळ खर्च कुणी करायचा? मालकाने, असे कायदा म्हणतो. त्याच्या हाती काय येते, हेही पाहायला हवे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या सुमारास गोठवली. ही तरतूद काळाच्या ओघात अवाजवी ठरली आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये स्पष्ट केले. त्यानंतर आलेला १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्याने वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली. समजा, तेव्हा एका बिऱ्हाडाचे भाडे महिना वीस रुपये होते. चक्रवाढीने हिशेब केला तरी पंचवीस वर्षांनी ते त्रेपन्न रुपये होते. दहा बिऱ्हाडांचा वाडा असेल तर महिन्याला पाचशे तीस. पेठेतल्या सुताराची एका दिवसाची मजुरीही त्यात भागणे कठीण. मालकाने टाळाटाळ केल्यास भाडेकरूने स्वतः दुरुस्ती करून तो खर्च भाड्यातून वळता करावा, अशीही सोय कायद्यात आहे. पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा अधिक रक्कम वळती करता येत नाही. त्रेपन्न रुपयांच्या भाड्यात ही रक्कम होते वर्षाला १५९ रुपये. तेवढ्यात कौले शाकारून होत नाहीत.

मग मालकाला वाडा पडण्यातच हित दिसू लागते, तर भाडेकरूला तो कसाबसा उभा राहण्यात. भाडेकरू हा या गोष्टीतला खलनायक नव्हे. दोन खोल्यांत तीन पिढ्या काढलेले कुटुंब बाहेर पडले, तर त्याच पेठेत पुन्हा घर घेणे त्याच्या आवाक्यात नसते आणि नवी इमारत कधी उभी राहील याची हमी कुणी देत नाही. इमारत नष्ट झाली म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला आहे. तरी कागदावरचा हक्क आणि प्रत्यक्ष ताबा यांत किती अंतर असते, हे पेठेतले कुठलेही कुटुंब सांगेल. म्हणून ‘सी-१’, म्हणजे अतिधोकादायक असा शिक्का बसण्यावरून दोन्ही बाजू भांडतात, दोघेही आपापला संरचनात्मक अहवाल आणतात आणि प्रकरण न्यायालयात जाते. पाऊस निकालाची वाट पाहत नाही. वारसांची संख्या आणि त्यांच्यातले दावे हा आणखी एक स्वतंत्र अध्याय आहे. एका चौकाचे पंधरा-वीस हिस्सेदार असणे यात नवलाचे काही नाही.

यात शनिवारवाड्याच्या शेजाऱ्यांची कोंडी सर्वांत विलक्षण आहे. केंद्र सरकारने २०१० मध्ये प्राचीन स्मारकविषयक कायद्यात दुरुस्ती केल्यापासून केंद्र संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरच्या आत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढील दोनशे मीटरच्या पट्ट्यात ते नियंत्रित आहे. दुरुस्तीला परवानगी मिळू शकते, परंतु त्यासाठी राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणापर्यंतची पायरी चढावी लागते. कसबा आणि शनिवार पेठेतील कित्येक वाडे या वर्तुळात येतात. स्मारकाचा परिसर जपावा हा हेतू निर्विवाद चांगला. पण शनिवारवाड्याचा परिसर म्हणजे दुसरे काय होते? त्याच्याभोवतीचे वाडेच ना? आज ते नव्याने बांधता येत नाहीत, दुरुस्त करणे परवडत नाही आणि विकायचे म्हटले तर घेणारा मिळत नाही. येथे महापालिकेच्या हाती कायदा बदलण्याचा अधिकार नाही, हे खरे. पण परवानगीचे नकाशे आणि अर्ज तयार करून देणारा एक माणूस क्षेत्रीय कार्यालयात बसवायला कुणाची मनाई नाही.

यादीची धास्ती

वारसा जतनाची नियमावली हा महाराष्ट्राच्या अभिमानाचा विषय आहे. मुंबईत एप्रिल १९९५ मध्ये विकास नियंत्रण नियमावलीतील ६७ व्या नियमान्वये वारसा वास्तूंना कायद्याचे कवच मिळाले. देशातल्या शहरांमध्ये हा पहिलाच प्रयोग मानला जातो. पहिल्या श्रेणीतील वास्तूला जवळजवळ हात लावायचा नाही, दुसऱ्या श्रेणीत अंतर्गत बदल आणि नवा वापर मर्यादेत चालेल, तिसऱ्या श्रेणीत अधिक सवलत. नंतर पुण्यासह इतर शहरांनी हीच घडी उचलली आणि डिसेंबर २०२० मध्ये मुंबई वगळून राज्यातील बहुतेक शहरांसाठी आलेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतही वारसा जतनाचे नियम आहेत. मुंबईसाठी विकास आराखडा २०३४ ची स्वतंत्र नियमावली आहे.

नियम झाले, तरी लोकांच्या मनात यादीविषयी धास्ती निर्माण झाली. जुलै २०१२ मध्ये मुंबई महापालिकेने यादीत नव्याने घालावयाच्या वास्तू आणि परिसरांचा प्रस्ताव प्रसिद्ध केला, त्यात दादरच्या शिवाजी पार्क परिसराचा समावेश होता. या परिसरावर मनापासून प्रेम करणारे तेथील मध्यमवर्गीय रहिवासीच प्रस्तावाच्या विरोधात उभे राहिले. इमारती सत्तर-पंचाहत्तर वर्षांच्या झालेल्या, पुनर्विकासाची बोलणी सुरू असलेली, आणि अशा वेळी वारसा परिसर असा शिक्का बसला तर विकासक पाठ फिरवतील, या भीतीत अतिशयोक्ती असेलही. पण ती निराधार नव्हती. राजकीय पक्षांनी वाऱ्याची दिशा ओळखली आणि तेही रहिवाशांच्या मागे गेले. गिरगावातील खोताच्या वाडीत पूर्वी पासष्टच्या आसपास घरे होती. आज त्यांच्या निम्म्याहूनही कमी उरली आहेत. ही वाडी शहराला किती प्रिय आहे, यावर दरवर्षी लिहून येते. तिच्या लाकडी जिन्यांच्या दुरुस्तीचा खर्च मात्र घरमालकाचाच असतो. हैदराबादमध्ये तर डिसेंबर २०१५ मध्ये राज्य सरकारने वारसा संरक्षणाचा नियमच रद्द करून टाकला. केवळ बंधन घालणारा नियम राजकीयदृष्ट्या किती एकाकी असतो, याचे ते उदाहरण आहे.

बंधनाची भरपाई म्हणून हस्तांतरणीय विकास हक्काची, म्हणजे टीडीआरची, तरतूद आहे. तिचे तत्त्व सोपे आहे. समजा, पेठेतील तीनशे चौरस मीटरच्या जागेवर सहाशे चौरस मीटर बांधकाम अनुज्ञेय आहे आणि उभा असलेला वाडा साडेतीनशेचा आहे. वाडा जपायचा ठरला तर उरलेले अडीचशे चौरस मीटर मालकाला तेथे बांधता येणार नाहीत. तो हक्क प्रमाणपत्राच्या रूपाने त्याला मिळावा, त्याने तो शहराच्या दुसऱ्या भागात बांधणाऱ्याला विकावा आणि आलेल्या पैशातून वाडा राखावा. कल्पना न्यूयॉर्कमधून आलेली, १९७८ च्या ग्रँड सेंट्रल स्थानकाच्या खटल्यात कसाला लागलेली.

व्यवहारात तीन ठिकाणी गाडी अडते. वाडा जेवढा मोठा आणि दाट बांधलेला, तेवढा शिल्लक हक्क कमी. म्हणजे ज्याचा दुरुस्तीखर्च सर्वांत जास्त, त्याला टीडीआर सर्वांत कमी. दुसरे असे की, या टीडीआरला बाजारात स्पर्धा आहे ती खुद्द सरकारची. रस्ते आणि आरक्षणांच्या बदल्यात दिलेला टीडीआर बाजारात असतोच, शिवाय अधिमूल्य भरून जादा चटईक्षेत्र थेट महापालिकेकडून घेता येते. जानेवारी २०२१ मध्ये राज्य सरकारने बांधकाम व्यवसायाला उभारी देण्यासाठी ही अधिमूल्ये त्या वर्षअखेरपर्यंत निम्म्यावर आणली. चटईक्षेत्र सरकारी खिडकीवर असे स्वस्तात मिळू लागल्यावर विकासक वारसा टीडीआरच्या कागदपत्रांत कशाला अडकेल? आणि तिसरी अडचण निव्वळ कागदांची. टीडीआर मालकाला मिळतो आणि मालकी निर्विवाद असावी लागते. पंधरा हिस्सेदार आणि दहा भाडेकरूंच्या वाड्यात हीच अट पहिल्याच पायरीवर अडवते. शिवाय एकदा मिळालेला पैसा वाड्यावरच खर्च झाला की नाही, हे पुढची वीस वर्षे पाहणार कोण?

दुरुस्तीसाठी सरकारी पैसा खासगी इमारतीत घालता येत नाही, असा युक्तिवाद अशा वेळी हमखास होतो. तो महाराष्ट्रात तरी टिकणारा नाही. मुंबई बेटावरील जुन्या भाडेकरू इमारती कोसळू लागल्यावर १९६९ मध्ये खास कायदा होऊन दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ स्थापन झाले. उपकर गोळा करायचा, त्यात सरकार व महापालिकेचा वाटा घालायचा आणि खासगी इमारतींची संरचनात्मक दुरुस्ती करायची, ही त्याची पद्धत. सुरुवातीला साडेएकोणीस हजारांहून अधिक इमारती त्याच्या कक्षेत होत्या. या मंडळाच्या कामाच्या दर्जाविषयी, लोखंडी टेकूंवर वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या इमारतींविषयी बोलावे तेवढे थोडे. त्याने वारसा म्हणून कोणत्या इमारतीचा विचार केला, असेही नाही. परंतु खासगी छपराखाली राहणाऱ्यांच्या जिवासाठी सार्वजनिक पैसा खर्च करण्याचे तत्त्व अर्धशतकापूर्वीच मान्य झाले आहे. पुणे, नाशिक, सातारा, वाई येथील वाड्यांना त्याचा लाभ नाही, कारण मंडळाची हद्द मुंबई शहरापुरतीच आहे. नाशिकच्या जुन्या गावठाणात मुसळधार पावसात वाड्याची भिंत कोसळल्याची बातमी येते, तेव्हा तेथील महापालिकेच्या हाती नोटीस बजावण्यापलीकडे फारसे साधन नसते.

अहमदाबादने थोडी वेगळी वाट धरली. तेथील महापालिकेने १९९६ मध्ये वारसा कक्ष सुरू केला, १९९७ पासून पोळांमधून हेरिटेज वॉक सुरू झाला आणि फ्रान्सच्या मदतीने लाकडी घरांची पाहणी झाली. घर दुरुस्तीसाठी हडकोच्या कर्जाची योजना आखली गेली. वारसा टीडीआरही आला आणि काही घरमालकांनी तो प्रत्यक्ष विकला. २००१ च्या भूकंपाने जुन्या शहराला हादरा दिला होता, तरी जुलै २०१७ मध्ये अहमदाबादला जागतिक वारसा शहराचा मान मिळाला. यादीत दोन हजारांहून अधिक घरे आहेत, हे त्या शहराचे वेगळेपण. राजवाडे-मशिदींबरोबर साध्या माणसांची घरे हाच वारसा, असे तेथे मानले गेले. तेथे सारे आलबेल आहे असे नाही. मान मिळाल्यानंतरही पोळांमधील घरे पडली, काहींची गोदामे झाली आणि अशांत क्षेत्र कायद्यामुळे जुन्या शहरातील खरेदी-विक्री गुंतागुंतीचीच राहिली. तरीही घरमालकाशी बोलायला महापालिकेचे एक दार उघडे होते, आणि ते नोटीस विभागाचे नव्हते.

पुण्यात असे दार उघडायचे तर त्यासाठी नवा कायदा लागत नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत शहराच्या सांस्कृतिक अंगाचे संवर्धन हा नागरी संस्थांचा विषय म्हणून नोंदलेलाच आहे. वारसा विभागाकडे तज्ज्ञ आहेत, विश्रामबागवाडा आणि नानावाड्यावर तयार झालेले कारागीर आहेत. धोकादायक वाड्यांच्या पाहणीला जाणाऱ्या कनिष्ठ अभियंत्याबरोबर यातला एक माणूस गेला, तर कुजलेली तुळई आणि कोसळणारा वाडा यांतला फरक जागेवरच कळेल. काँक्रीटच्या इमारती तपासण्याची सवय असलेल्या नजरेला कललेला खांब दिसतो, तो बदलता येतो हे दिसत नाही.

पैशाचा मार्गही फारसा अनोळखी नाही. धोकादायक बांधकाम महापालिकेने स्वतः पाडले, तर त्याचा खर्च मालकाकडून वसूल करण्याचा अधिकार तिला महापालिका अधिनियमानेच दिला आहे. पाडण्याचा खर्च जर असा वसूल होऊ शकतो, तर छप्पर शाकारण्याचा आणि टेकू देण्याचा खर्च आधी महापालिकेने उचलून मिळकतीवर बोजा म्हणून का चढवू नये? रक्कम वाडा विकला जाईल किंवा टीडीआर काढला जाईल तेव्हा परत घेता येईल, मधल्या काळात मालकाच्या पदरी व्याजाचा भार नको. भाडेकरूंनी ताबा न सोडता दुरुस्ती होणार असल्याने त्यांचा विरोधही निवळेल. मार्च २०२२ पासून काही वर्षे महापालिकेचा कारभार प्रशासकांच्या हाती होता आणि अशा प्रस्तावावर सभागृहात चर्चा होण्याचा प्रश्नच नव्हता.

अशी योजना आली तर तिची पहिली रांग महापालिकेत नव्हे, नगर भूमापन कार्यालयात लागेल. बोजा चढवण्यासाठी मिळकतपत्रिका अद्ययावत असावी लागते आणि पेठांमधील कित्येक मिळकतपत्रिकांवर अजूनही आजोबा-पणजोबांचीच नावे आहेत.